विहीणबाईंबरोबर ट्राउटच्या नदीत

अमेरिकेहून परत आलेल्या बायका नायगाऱ्याचा फोटो दाखवतात. माझ्याकडेही तो आहे, निळा रेनकोट घातलेला. पण आमच्या कॉलनीतल्या बायका तो पटकन पुढे सरकवतात आणि दुसऱ्याच एका फोटोवर थांबतात. त्यात मी मांडीएवढ्या पाण्यात उभी आहे, अंगात काखेपर्यंत येणारी रबरी पॅंट आहे, डोक्यावर दुसऱ्या कुणाची तरी टोपी आहे, आणि शेजारच्या गोऱ्या बाईच्या कानाला पट्टी लावलेली आहे. "ही कोण?" असं प्रत्येक बाई विचारते. मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

ही गोष्ट २००६ च्या सप्टेंबरातली. माझी मुलगी पल्लवी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला पीएचडी करत होती. मी नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून नुकतीच रिटायर झाले होते, तेव्हा "मुलीकडे जरा राहून येते" असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. पल्लवीच्या लॅबमध्ये एरिक नावाचा मुलगा होता आणि दोघांना लग्न करायचं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे वामनरावांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, येता येत नव्हतं. विमानतळावर ते मला म्हणाले, "शोभा, हो म्हणून ये, नाहीतर नाही म्हणून ये. मधलं काही आणू नको."

तीन आठवडे झाले तरी माझ्याजवळ मधलंच होतं. मुलगा वाईट नव्हता. मला 'काकू' म्हणायचा, पण ते 'कुकू' असं ऐकू यायचं. चपला बाहेर काढायचा, भांडी घासायचा, आणि मला घाबरायचा. पण तो आपल्या समाजातला नाही, आपल्या देशातलाही नाही. विहारातल्या बायका विचारणार, जावई कुठला? मी काय सांगू, मिशिगनचा? मी फार बोलत नव्हते. सिनियर डॉक्टर राउंडला यायच्या आधी वॉर्ड जसा गप्प असतो, तसं आमचं घर गप्प होतं.

तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "आई, एरिकची मॉम येतेय. तिला तुला भेटायचंय. प्रॉपर भेटायचंय."

मी पोह्याची तयारी केली, चांगली साडी काढून ठेवली.

"साडी नको," पल्लवी म्हणाली. तिचा चेहरा जरा विचित्र झाला होता. "ती तुला फिशिंगला नेणार आहे."

ह्युरॉन नदी, ॲन आर्बर

रूथबाई जुन्या ट्रकमधून आल्या. वयाने माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, उंच, केस बारीक कापलेले. आयुष्यभर त्यांनी शाळेची बस चालवली होती, त्यामुळे आवाज असा की शेवटच्या बाकावरचा मुलगाही सरळ बसेल. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. उत्तरेकडे, ओ सेबल नावाच्या नदीजवळ त्या एकट्या राहायच्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला, पोहे दोनदा घेतले, आणि म्हणाल्या, "आधी इथल्या नदीवर शिकू, उद्या माझ्या नदीवर जाऊ. मुलांना इथेच ठेवू. ती असली की कुणी खरं बोलत नाही."

मासे धरायला तिथे सरकारी परवाना लागतो. तो घेऊन आम्ही ह्युरॉन नदीवर गेलो. ही नदी गावातूनच जाते आणि तिच्यात बास नावाचा मासा असतो, जबडा मोठा आणि स्वभाव तापट.

आता हे फ्लाय फिशिंग म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, पाण्यात सोडतात आणि बिडी ओढत बसतात. इथे गांडूळ चालत नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून गळाचाच एक किडा बनवलेला असतो. त्याला वजन नसतं, त्यामुळे तो फेकता येत नाही. फेकायची ती जाड दोरी, आणि तिच्या शेवटाला तो किडा आपोआप जाऊन बसतो. म्हणजे तसं पुस्तकात लिहिलेलं असावं.

"हात दहा वाजता," रूथबाई मागे उभ्या राहून, हात घड्याळाच्या काट्यासारखा धरून शिकवत होत्या. "मग दोन वाजता. मग परत दहा. दोनच्या पलीकडे नाही."

माझ्या डोक्यात दहा ते दोन म्हणजे ओपीडी. तरी मी प्रयत्न केला. दोरी हवेत मागे गेली की थांबायचं, ती सरळ होऊ द्यायची, मग पुढे. मला थांबणं जमेना. ओली साडी वाळत घालायच्या आधी झटकतात तशी मी हातातली गळाची काठी झटकली. चाबकासारखा आवाज झाला. मला तो आवडला म्हणून मी परत केला.

रूथबाईंनी दोरीचं टोक तपासलं. "आवाज आला की किडा तुटून जातो," त्या शांतपणे म्हणाल्या आणि दुसरा बांधला. दुपारपर्यंत त्यांनी बरेच बांधले.

मग एकदाचा एक किडा मी पाण्यात टाकला, म्हणजे पडला, आणि पाणी फाटल्यासारखं झालं. काठी वाकली. माझं माहेर भंडाऱ्याचं. वैनगंगेच्या काठी वाढलेल्या मुलीला मासा लागला की काय करायचं हे शिकवावं लागत नाही. मी विहिरीतून बादली ओढावी तशी दोन्ही हातांनी काठी वर ओढली. मासा पाण्याबाहेर आला, माझ्या डोक्यावरून गेला, आणि मागे गवतावर चादर पसरून सँडविच खात बसलेल्या एका जोडप्याच्या मधोमध जाऊन पडला.

जोडपं उठून उभं राहिलं. मी म्हणाले, "सॉरी." ते म्हणाले, "इट्स ओके." त्या देशात काहीही झालं तरी इट्स ओकेच असतं.

मासा चांगला हातभर नव्हता, पण दोघींना पुरला असता. मी मनातल्या मनात लसूण सोलायला घेतला होता. रूथबाई धावत आल्या, आधी आपले हात पाण्यात ओले केले, माशाला खालच्या ओठाला अलगद धरलं, गळ काढला, "माफ कर हं" असं माशाला म्हणाल्या आणि त्याला नदीत सोडून दिलं.

मी पाण्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हणाले.

"हो," त्या खुशीत म्हणाल्या. "छान गेला ना?"

माझ्या आईने वैनगंगेचे झिंगे आणि मासे रांधून आम्हा भावंडांना वाढवलं. मासा धरून, त्याची माफी मागून परत सोडायचा, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्या माणसाच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

उत्तरेकडे

दुसऱ्या दिवशी ट्रकने उत्तरेला निघालो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना झाडं. सप्टेंबरचे पहिलेच दिवस, त्यामुळे सगळं हिरवं होतं. मधूनच एखाद्या मेपलची एकच फांदी लालभडक, जणू रंगाऱ्याने जाता जाता ब्रश पुसला. रूथबाई फार बोलल्या नाहीत. मीही नाही. दोघींचं मुख्य बोलणं राहिलं होतं आणि ते कुणी आधी काढायचं हे ठरत नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी मध्यस्थ असतो. तो चहा पितो आणि दोन्हीकडचं बोलतो. इथे मध्यस्थाच्या जागेवर मासेमारीचं सामान ठेवलं होतं.

त्यांचं घर लाकडी, दोन खोल्यांचं, नीटनेटकं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आज जेवायला मासे."

मला बरं वाटलं. म्हटलं, बाई काठावर काहीही म्हणो, घरी माणसासारखी वागते. त्यांनी फ्रीझरमधून एक खोका काढला. आत कांडीसारखे एकसारखे तुकडे होते, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेले. ते ओव्हनमध्ये गेले. मी खोक्यावरचं वाचलं. तो मासा कुठल्या तरी लांबच्या समुद्रातून आलेला होता.

"रूथ," मी म्हणाले, "घराच्या मागे नदी आहे. नदीत मासे आहेत. ते तुम्ही सोडता आणि खोक्यातले खाता?"

त्यांनी थोडा विचार केला. "खोक्यातल्या माशांशी माझी ओळख नसते," त्या म्हणाल्या.

मी बॅगेतून नागपूरचा मसाला काढला, तेलात परतून त्या कांड्यांवर घातला. रूथबाईंनी एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि दुसरी कांडी घेतली. मग त्यांनी विचारलं, "एरिक म्हणाला तुम्ही बौद्ध आहात. तुम्हाला मासे धरणं चालतं का? मला आधी विचारायला हवं होतं."

मी सांगितलं की प्राण्याची हिंसा करू नये हे पहिलंच शील आहे, आम्ही ते रोज म्हणतो. आणि रविवारी आमच्याकडे मासे असतात.

"म्हणजे तुम्ही रविवारी काय करता?"

"रविवारी आम्ही सकाळी वंदना घेतो आणि दुपारी जेवतो," मी म्हणाले. "दोन्हीच्या मध्ये पुष्कळ वेळ असतो."

रूथबाई मोठ्याने हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. तेवढ्यात फोन वाजला. पल्लवी होती. "आई, ऑल ओके ना? काय बोलणं झालं?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"माशांचं," मी म्हणाले.

"फक्त माशांचं? यार, आई."

ओ सेबल नदी

सकाळी रूथबाईंनी मला त्यांच्या नवऱ्याची रबरी पॅंट दिली. तिला वेडर्स म्हणतात. पायात बूट, वर काखेपर्यंत रबर, खांद्यावर पट्टे. नवरा सहा फुटाच्या वर असावा. मी कमीज आत खोचली, कमरेला पट्टा आवळला, तरी गुडघ्याजवळ मांजर मावेल एवढी जागा उरली. काठीही नवऱ्याचीच दिली, बांबूची, मधासारख्या रंगाची. "त्याने स्वतः बनवली होती," एवढंच रूथबाई म्हणाल्या. मी ती थर्मामीटर धरावा तशी धरली.

नदी बघून मात्र मी थांबले. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. पाण्यावर धुकं, दोन्ही काठांवर सीडरची झाडं वाकलेली, आणि आवाज फक्त पाण्याचा. आम्ही एकमेकींचे हात धरून आत शिरलो. प्रवाहात एकटीने चालायचं नसतं. गार पाणी रबराबाहेरून पाय दाबत होतं, अंग कोरडंच. विचित्र सुख होतं ते. लग्नाची बोलणी करायला आलेल्या दोन बायका हात धरून नदीत उभ्या आहेत, आणि सोडला तर दोघी वाहून जातील, अशी आमची परिस्थिती होती.

इथला मासा म्हणजे ट्राउट, तो बासासारखा तापट नसतो. तो संशयी असतो. किडा जरा वेगळा वाटला की खालून येऊन, बघून, परत जातो. आमच्या मेट्रन होत्या तशा. रूथबाईंनी तांदळाच्या दाण्याएवढा किडा बांधला आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. "दहा," त्या म्हणाल्या. "दोन. थांबा."

यावेळी मी थांबले. नीट थांबले. मग हात पुढे आणला, तर दोरी येईना. मला वाटलं झाडात अडकली. मी जरा जोर लावला.

"शोबा," मागून आवाज आला, अगदी हळू. "ओढू नका."

किडा रूथबाईंच्या कानाच्या पाळीत होता.

तिथून पुढे मी शोभा नव्हते, सिस्टर होते. मी त्यांना काठावरच्या ओंडक्यावर बसवलं. "हलायचं नाही. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेता का? टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?" त्या शाळकरी मुलीसारखी उत्तरं देत होत्या. त्यांच्या सामानात प्रथमोपचाराचा डबा होता. गळ बघितला तर उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. माशाला सोडताना त्याचं तोंड फाटू नये म्हणून त्या सगळ्या गळांचे काटे असे दाबायच्या. त्या दयेचा पहिला फायदा त्यांनाच झाला. मी पाळी धरली, विचारलं, "एरिक लहानपणी कसा होता?" आणि त्या "तो फार" एवढं म्हणेपर्यंत गळ बाहेर होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं." मी औषध लावून पट्टी चिकटवली. रूथबाईंनी थर्मासमधली कॉफी ओतून दिली.

"आता मी पण काहीतरी टोचणारं बोलते," त्या म्हणाल्या. "मी या लग्नाला अजून हो म्हटलेलं नाही."

मी कॉफी खाली ठेवली. हो-नाही म्हणायला मी आले होते. त्यांच्या बाजूनेही कुणी ठरवत असेल, हे तीन आठवड्यांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

"का?" मी विचारलं. "माझ्या मुलीत काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण ती माझ्याकडे आली की बसतच नाही. सगळी भांडी घासते, टेबल पुसते, आणि खोलीत जाऊन अभ्यास करते. मला वाटतं तिला आम्ही आवडत नाही."

"अहो, सासरच्या माणसांसमोर पाय पसरून कशी बसणार ती?" मी म्हणाले. "तुमच्या घरात ती मान ठेवून राहते. माझ्या घरात तिने उभ्या आयुष्यात दोन कप विसळले नाहीत."

रूथबाईंनी कानाची पट्टी चाचपली. मग म्हणाल्या, "आणि शिक्षण झालं की ती त्याला कॅलिफोर्नियाला नेईल. किंवा इंडियाला. मी इथे एकटी."

"कॅलिफोर्नियाला तुम्ही ट्रकने जाल. माझी मुलगी इथे राहिली तर मी कशाने येऊ? माझी मुलगी तर आधीच गेली आहे, रूथ. तुमचा फक्त जाईल जाईल म्हणून तुम्ही घाबरता." माझा आवाज चढला होता. "आणि तुमचा मुलगा कुठे जाणार नाही. दर रविवारी तुम्हाला फोन करतो, मी ऐकते ना. पल्लवीला ताप आला तेव्हा त्याने वरणभात केला. वरणात मीठ नव्हतं, पण केला. तो तिच्यावर ओरडत नाही, तिच्या पेपरला आधी वेळ देतो. असा मुलगा तुम्हाला मिळालाय आणि तुम्ही इथे बसून नाही म्हणता?"

रूथबाई माझ्याकडे बघत होत्या. "म्हणजे तुम्हाला एरिक आवडला."

"असं मी कुठे म्हटलं?"

"आत्ता."

मी रागाने उठले, काठी घेतली आणि पाण्यात गेले. फेकायचं कुणाला सुचतंय. दोरी तशीच प्रवाहात सोडली आणि पाठमोरी उभी राहून पुढचं वाक्य जुळवू लागले. तेवढ्यात काठी हातातून सुटता सुटता राहिली.

"शोबा, मासा," रूथबाई जाळी घेऊन पाण्यात धावल्या. घाईत पाय गोट्यावरून सरकला आणि त्या सरळ नदीत बसल्या. प्रवाह त्यांना ओढू लागला. मी एका हाताने त्यांच्या खांद्याचा पट्टा धरला. दुसऱ्या हातात काठी, काठीला मासा. दोन्ही बाजूंनी मला ओढत होते.

"मला सोडा," रूथबाई पाण्यातून ओरडल्या. "काठी धरा."

पण पेशंट सोडायची आम्हाला सवय नाही. मी काठी सोडली आणि दोन्ही हातांनी रूथबाईंना उभं केलं. त्यांच्या वेडर्समध्ये पाणी भरलं होतं आणि त्या दुप्पट जाड दिसत होत्या. काठी वाहत वळणाकडे निघाली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, त्यांचा चेहरा पडला, आणि मी काय करून बसले ते मला कळलं. आम्ही दोघी काठाकाठाने, रबरी बुटांत पचक पचक करत, वळणापर्यंत धावलो.

वळणाच्या पलीकडे एक लांबट होडी उभी होती. तिच्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा. त्याच्या हातात आमची काठी होती.

"ही तुमची का?" त्याने विचारलं. मग काठीच्या वाकलेल्या टोकाकडे बघून म्हणाला, "मासा पण तुमचाच आहे. मी नुसतं धरून ठेवलंय."

मासा मीच आत आणला. रूथबाई ओल्याचिंब, शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "दोरी जाऊ द्या, आता ओढून घ्या, जाऊ द्या, घ्या." जाळीत आला तो ब्रूक ट्राउट होता. वीतभर असेल. पाठीवर शेवाळी नक्षी, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळं वलय. इतक्या लहान जिवावर एवढं काम कुणी केलं असेल, असं वाटलं. म्हाताऱ्याने तेव्हाच तो फोटो काढला. मी टोपी रूथबाईंची घातली होती, कारण माझी नदीत गेली होती.

मी हात ओले केले आणि माशाला पाण्याखाली धरलं. तो तळहातावर दमून पडला होता, कल्ले हलत होते. भूल उतरताना पेशंट असाच असतो, घाई करायची नसते. जरा वेळाने त्याने शेपटी हलवली आणि गेला. लसणाची आठवण मला तेव्हा झाली नाही. ती दुपारी झाली.

परत ॲन आर्बर

मुलं दारातच उभी होती. दोन दिवस त्यांना झोप लागली नसावी. एरिकने आधी आपल्या आईच्या कानाची पट्टी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मॉम, कान?"

"शोबाने केलं," रूथबाई बूट काढत म्हणाल्या. दारात बूट काढताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

पल्लवीचा रंग उडाला. "आई, तू त्यांना मारलंस?"

"गळ लागला," मी म्हणाले. "काढला."

आम्ही दोघी आत गेलो. दोघींना भूक लागली होती. रूथबाईंनी पातेली शोधली, मी कांदा घेतला. पल्लवी नेहमीप्रमाणे मदतीला धावली, तर रूथबाईंनी तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि बसमधल्या आवाजात सांगितलं, "तू बस." ती बसली. एरिक तिच्या मागे उभा राहिला.

शेवटी पल्लवीला राहवलं नाही. "आई, प्लीज सांग ना. बाबा पण विचारताहेत. काय ठरलं?"

मी रूथबाईंकडे बघितलं. त्या कढईत डोकावून मसाल्याचा वास घेत होत्या.

"आमचं दोघींचं जमलं," मी म्हणाले. "आता तुमचं जमतंय का, ते तुम्ही बघा."